१६ भाज्यांतली एक राहिली तर?

या वेळचं पत्र पुण्याहून आलंय. नाव छापू नका म्हणालीये, खाली नुसती ‘धाकधूक’ अशी सही आहे. पत्र चांगलं चार पानी, त्यातलं लागेल तेवढंच सांगते. वय ३४, दोघंही नोकरीला, मुलगी ६ वर्षांची, सासर मूळचं मराठवाड्यातलं आणि घरात उभ्या महालक्ष्म्या. सासूबाई होत्या तोवर सगळं त्याच बघायच्या, हिच्याकडे फक्त निवडणं-टिपणं. दोन वर्षांपूर्वी त्या दवाखान्यात होत्या आणि ऐन सणात हिने एकटीने सगळं केलं. १६ भाज्या झाल्या, पुरणपोळ्या (अर्ध्या फुटल्या) झाल्या, फुलोरा टांगला, आणि नैवेद्य दाखवून झाल्यावर लक्षात आलं की ज्वारीच्या पिठाची आंबील राहिली. पुढच्या महिन्यात नवऱ्याची नोकरी गेली. मार्गशीर्षात सासूबाई गेल्या. तेराव्याला आत्याबाई चार बायकांत म्हणाल्या, “आंबील चुकली तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.” गेल्या वर्षी वर्षाच्या आत म्हणून नुसती पूजा झाली. आता या भाद्रपदात पहिल्यांदा सगळं हिच्या एकटीच्या गळ्यात, आणि सासरे रोज एकदा तरी म्हणतात की तिच्यासारखं सगळं झालं पाहिजे बरं का, नाहीतर घराला लाभत नाही. हिचा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे: “काकू, माझा यावर विश्वास नाही पण मला भीती वाटते. करू की सोडून देऊ?”

अगं, विश्वास नाही पण भीती वाटते हे तू इतकं सरळ लिहिलंस ना, तिथेच मला तू आवडलीस. निम्म्या महाराष्ट्राची हीच अवस्था आहे, फक्त कुणी कबूल करत नाही. मांजर आडवं गेलं की हसून चार पावलं मागे येणारे लोक आपण.

आधी त्या आंबिलीचं बघू, कारण तुझ्या चार पानांत तो शब्द मी मोजला, अकरा वेळा आलाय. तूच दिलेल्या तारखा आता ओळीने लाव. सासूबाईंचं दुखणं कळलं फाल्गुनात. आंबील राहिली त्यानंतरच्या भाद्रपदात. म्हणजे दुखणं सहा महिने आधी आलं आणि चूक सहा महिन्यांनी झाली. आणि त्याच्याही आधीच्या भाद्रपदात? तूच लिहिलंयस की त्या वर्षी आईंनी पहाटे तीनला उठून सगळं स्वतःच्या हाताने केलं, आंबिलीसकट, एक गोष्ट इकडची तिकडे नाही. ते सगळं यथासांग झालेलं वर्ष होतं बाई, आणि त्याच वर्षी फाल्गुनात रिपोर्ट आला. आता याचा हिशोब आत्याबाई कुठल्या खात्यात टाकणार?

नोकरीचंही तेच. तुझ्या नवऱ्याच्या कंपनीने एका दिवसात ४० लोक काढले म्हणतेस. मग काय त्या ४० घरांत आंबील राहिली होती? आणि गेल्या वर्षी तर तुमच्याकडे नुसती पूजा, ना भाज्या ना पोळ्या, आंबिलीचं नाव नाही, आणि जानेवारीत त्याला आधीपेक्षा बरी नोकरी लागली. हे तू पत्रात कंसात लिहिलंयस, जाता जाता! वाईट झालेलं अकरा वेळा आणि चांगलं झालेलं कंसात. आपलं मन असंच चालतं, बसलेला टोला लक्षात ठेवायचा आणि हुकलेला विसरायचा, आणि मग त्यालाच आपण अनुभव म्हणतो.

पण एवढं पटलं तरी पहाटे तीनला भीती वाटायची ती वाटणारच, हे मला माहितीये. म्हणून माझ्या घरची गोष्ट सांगते.

माझ्या सासरीही महालक्ष्म्या. माझ्या सासूबाई आणि त्यांच्या जाऊबाई वेगळ्या झाल्या तेव्हा थोरलीकडे मुखवटे गेले आणि धाकटीने नवे करून घेतले, दोन्हीकडे सण सुरू झाला. दोघी एकाच सासूच्या हाताखाली शिकलेल्या, एकाच चुलीपाशी. पुढे काही वर्षांनी मी दोघींकडून १६ भाज्यांची यादी लिहून घेतली, एक कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आणि एक दुधाच्या हिशोबाच्या वहीत, आणि सहज म्हणून शेजारी ठेवून बघितल्या. ११ जुळल्या. ५ नाही. आमच्याकडे कारलं हवंच, त्यांच्याकडे कडू नको म्हणून कारलं वर्ज्य. त्यांच्याकडे सुरण हवा, आमच्या यादीत सुरणाचा पत्ता नाही. आणि दोघीही शपथेवर सांगत होत्या की सासूबाईंनी असंच शिकवलं. दोघी खोटं बोलत नव्हत्या गं. ज्या वर्षी जे बाजारात मिळालं ते त्या सासूने केलं असणार आणि जिच्या डोक्यात जे वर्ष पक्कं बसलं तिच्यासाठी ती परंपरा झाली. त्यानंतर आजवर दोन्ही घरांत लग्नं झाली, बारशी झाली, ऑपरेशनं झाली, एकेक माणूस गेलं. कारल्यावाल्या घरात जास्त किंवा सुरणवाल्या घरात कमी, असं काही मला तरी दिसलं नाही.

आणि त्या ११ मध्ये पहिला नंबर कुणाचा माहितीये? लाल भोपळा. दोन्हीकडे त्याच्याशिवाय पान हलत नाही. हा लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला. मिरची तिकडचीच, बटाटा तिकडचा, टोमॅटो तिकडचा, मका तिकडचा. १४९२ ला कोलंबस तिकडे पोचला, त्यानंतर कधीतरी पोर्तुगीजांच्या जहाजांतून हे सगळं आपल्याकडे आलं. म्हणजे त्याआधी ज्या कुणी बाईने गौरीपुढे पान वाढलं असेल तिच्या पानात लाल भोपळा नव्हता आणि हिरवी मिरचीही नव्हती. तरी महालक्ष्मी आली असणारच ना तिच्याकडे, सोन्यारुप्याच्या पावलांनी. कुठल्यातरी पिढीतल्या कुठल्यातरी सुनेने पहिल्यांदा ही परदेशी भाजी पानात वाढली असेल, आणि तिच्या आत्याबाईंनी नाक मुरडलंच असेल.

गाव बदललं की तर सगळंच बदलतं. कोकणात खड्यांच्या गौरी आणतात, घावन-घाटलं करतात, आणि तिथल्या बऱ्याच घरांत गौरीला चक्क मटणाचा, मासळीचा तिखट नैवेद्य असतो. आपल्याकडे कांदा-लसूण नाही म्हणून सोवळ्यात जीव काढायचा आणि तिकडे त्याच गौरीला कालवण. देवी एकच आहे आणि ती दोन्हीकडे जेवते.

बरं हे फक्त आपल्यातच आहे असंही नाही. स्पेनमध्ये ३१ डिसेंबरला रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर १२ द्राक्षं खातात, एका ठोक्याला एक, १२ महिन्यांच्या नशिबासाठी. ठसका लागतो लोकांना! म्हणून आता तिथे सोललेली, बिया काढलेली, मोजून १२ द्राक्षांचे छोटे डबे मिळतात आणि लोक खुशाल तेच आणतात. जपानमध्ये त्याच रात्री सोबा नावाच्या लांब शेवया खातात, लांब म्हणून लांब आयुष्य आणि पटकन तुटतात म्हणून सरत्या वर्षाची पीडा तुटली, दोन्ही अर्थ एकाच वाडग्यात. तिकडेही कितीतरी लोक त्या घरी करत नाहीत, दुकानात जाऊन खातात नाहीतर पाकिटातल्या आणून उकळतात. कुणी म्हणत नाही की पाकिटातल्या होत्या म्हणून वर्ष वाईट गेलं. (म्हणतही असतील. आत्याबाई सगळ्या देशांत असणार.)

तर माझं म्हणणं, कर. सोडू नकोस. यात लक्ष्मी कोपेल वगैरे काही नाही. तुझ्याच पत्रात तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस की पुरण शिजल्याचा वास आला की आईंची आठवण येते आणि माझी लेक मुखवट्यांना साडी नेसवायला नाचत येते. ज्या बाईला सोडायचं असतं ती असं लिहीत नाही. तुला सण नकोसा नाही झालाय, तुला परीक्षा नकोशी झालीये. मग परीक्षा काढून टाकू.

पहिलं काम, सासऱ्यांशी बोल. पण ‘मला जमणार नाही’ इथून सुरुवात करू नको, तिथून सुरू केलंस की ते आणखी घट्ट धरून बसतील. रविवारी दुपारी चहा घेऊन वही-पेन घेऊन त्यांच्यापाशी बस आणि म्हण, बाबा, आई काय काय करायच्या ते मला सांगा, मी लिहून घेते. नुसतं जिन्नस नको, गोष्टी विचार. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्या वर्षी काय झालं, गावाकडे किती पानं उठायची, दुष्काळात काय केलं, एखाद्या वर्षी काही चुकलं तेव्हा काय केलं. बघ, १९७२ च्या दुष्काळाचं सांगायला लागले तर थांबवू नको. तेव्हा मराठवाड्यात माणसं सुकडीवर आणि रोजगार हमीच्या कामांवर दिवस काढत होती, १६ भाज्या कुणाच्या पानात होत्या? त्यांच्याच तोंडून येऊ दे की त्या वर्षी चार भाज्यांत भागवलं होतं. तू सांगितलेलं त्यांना पटणार नाही, त्यांना स्वतःला आठवलेलं पटेल.

आणि अजून एक, हे जरा जपून लिहिते. आईसारखंच झालं पाहिजे असं ते रोज म्हणतात म्हणजे तुझ्यावर लक्ष ठेवून आहेत असं तुला वाटतंय. मला वेगळं दिसतं. पन्नास वर्षं एका बाईच्या हातचं पान जेवलेला माणूस आहे तो, त्याला ‘मला तिची फार आठवण येते’ हे वाक्य म्हणता येत नाही, आपल्याकडच्या पुरुषांना ते कधी शिकवलंच नाही, मग ते भाजीच्या यादीतून बाहेर येतं. तू वही काढलीस की बहुतेक ते रडतील. रडू दे.

आता वहीत जे येईल त्याचे दोन भाग कर. एक म्हणजे ज्याच्याशिवाय सण झाला असं वाटणारच नाही. माझ्या अंदाजाने तुमच्याकडे ते पुरण, आंबील आणि भाज्या एवढंच निघेल. बाकी सगळं दुसऱ्या भागात, म्हणजे जमलं तर.

भाज्यांचं सोपं आहे. १६ भाज्या म्हणजे १६ कढया असं कुठेही नाही. कितीतरी घरांत सगळ्या मिळून एकच भाजी करतात, मूठ-मूठ चिरून एका पातेल्यात. अळू, चुका, मेथी, भोपळा, दुधी, दोडका, पडवळ, भेंडी, गवार, घेवडा, तोंडली, काकडी, बटाटा, सुरण, कणसाचे दाणे, कारल्याच्या दोन चकत्या. झाल्या १६, मोजून बघ. हवं तर दोन भाज्या कर, एक पाल्याची आणि एक बाकीची. गौरीच्या दिवसांत बऱ्याच मंडयांत मिसळ भाज्यांचे वाटेच मिळतात, तो आण, आदल्या रात्री नवऱ्याला चिरायला बसव. सुरण चिरताना त्याला हाताला तेल लावायला सांग नाहीतर रात्रभर खाजवत बसेल आणि त्याचंही खापर देवीवर फुटेल. लेकीला मोजायला बसव, एक ते सोळा, तिला त्याचीच मजा वाटेल.

पुरणपोळीचं. पुरण घरी घाल, पोळ्या विकत आण. देवीच्या पानापुरत्या पाच पोळ्या तू लाट, सवाष्ण-ब्राह्मण आणि पाहुण्यांच्या चाळीस पोळ्या ऑर्डर दे. यात काडीची लाज नाही. फुलोऱ्याच्या करंज्या, शंकरपाळे तर चार दिवस आधी करून डब्यात राहतात, नाही जमलं तर तेही विकत, टांगायला दोरा घरचा असला की झालं.

आणि तुझ्या पोळ्या का फुटल्या ते मला लांबूनही सांगता येईल. दवाखान्यातून पळत आलीस, डाळ शिजली, कट नीट निथळला नाही आणि तशीच गूळ घालून आटवायला घेतलीस, बरोबर? डाळ चाळणीवर चांगली निथळू दे. गूळ घातल्यावर पुरण आधी पातळ होतं तेव्हा घाबरायचं नाही, ढवळत राहायचं, आणि मधोमध उलथनं उभं करून सोडायचं. पडलं तर अजून आटव, उभं राहिलं तर गॅस बंद. मग गरम आहे तोवरच पुरणयंत्रातून काढायचं, गार झालं की दगड होतं आणि दंड दुखतात, ते काम नवऱ्याकडे दे. एक डाळ जरी अख्खी राहिली तरी पोळी तिथेच फाटते. कणीक सैल हवी, तेल लावून दोन तास झाकून ठेवायची. माझी सासू म्हणायची, कणीक कानाच्या पाळीसारखी लागली पाहिजे, आणि खरंच स्वतःची कानाची पाळी दाबून बघायची, पिठाच्या हाताने, दिवसभर कानाला पीठ.

तुझा मधलाच एक प्रश्न राहिला, पाळीची तारीख जवळ येतेय तर ती पुढे ढकलायची गोळी घेऊ का. मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नको एवढं ऐक. तुला किंवा घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, लिव्हरचा काही त्रास असेल, अर्धशिशी असेल तर डॉक्टरला आधी सांगावं लागतं, त्या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत. आणि माझं वैयक्तिक मत विचारशील तर घेऊच नको. आलीच पाळी तर नवरा करेल पूजा, सासरे सांगतील, पाच पोळ्याही विकतच्या येतील. माझ्या घरात आता पाळीचं काही पाळत नाही, पण तुमच्या घरात ती लढाई याच वर्षी लढायची का ते तू ठरव. एका सणात एकच भांडण पुरे असतं.

रजेचं, दोन दिवस काढ, आवाहनाचा नाही, पूजनाचा आणि विसर्जनाचा. आवाहनाला संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर महालक्ष्म्या घरात घेता येतात, नैवेद्यही साधा भाजी-भाकरीचा असतो. नक्षत्राची वेळ पंचांगात बघून घे, दर वर्षी वेगळी असते. सवाष्ण एकच सांग. सोसायटीतली कुणीतरी मैत्रीण सांग जी जेवून ताटं उचलायला पण थांबेल.

राहिल्या आत्याबाई. त्या येणार, बसणार आणि बघणार. त्यांना आठ दिवस आधी तूच फोन कर आणि आंबील कशी करायची ते विचार. खरंच विचार, चेष्टेने नाही. ज्या बाईने चुकीवर बोट ठेवलं तिच्याच हातात पळी दिली की तिची जीभ अर्धी थंडावते, हे मी तीस वर्षं वापरत आलेय. शिवाय त्यांचाही भाऊजयीवर जीव असणार, तो वाकडा बाहेर आला. आणि पुन्हा कुणासमोर तसलं बोलल्या तर तुझ्या नवऱ्याने बोलायचं, तू नाही. त्याची आत्या आहे, त्याची आई गेलीये. “आत्या, आई आजाराने गेली, माझ्या बायकोच्या हातून गेली नाही” एवढं एकच वाक्य, आवाज न चढवता. हे त्याच्याकडून आधी वदवून घे, ऐनवेळी हे लोक मोबाईलमध्ये डोकं घालतात.

पुढच्या वर्षीसाठी, यंदा काय काय राहिलं, कोण आलं होतं, पोळ्या किती उरल्या हे त्याच वहीत लिही. राहिलेलं सुद्धा लिही, लपवू नको. तुझ्या लेकीला कधीतरी दोन याद्या शेजारी ठेवून बघायच्या असतील.

आणि आंबिलीचं ज्वारीचं पीठ पूजनाच्या आदल्या रात्री आंबट ताकात भिजवायचं असतं, सकाळी आठवून उपयोग नाही. तेव्हाही तेच झालं असणार. आत्ताच मोबाईलला त्या रात्री नऊचा अलार्म लाव.